माळ्यावरच्या अनोळखी वस्तू : विदर्भातील जुनी अवजारे ओळखण्याची पद्धत

विदर्भातल्या जुन्या घरांत कोठ्याच्या माळ्यावर, मोडक्या बंडीच्या आडोशाला किंवा धान्याच्या रिकाम्या ढोल्यात अशा कितीतरी वस्तू पडून असतात, ज्यांचा उपयोग घरातल्या तरुणांना सांगता येत नाही आणि वडीलधाऱ्यांनाही अंधुकच आठवतो. मातीचे घर पाडून स्लॅबचे घर बांधायला घेतले की या सगळ्यांची रवानगी एका दिवसात भंगारात होते. त्यांतल्या निदान काही वस्तू तरी ओळखून, नोंदवून ठेवता याव्यात म्हणून एक कार्यपद्धती येथे क्रमाने मांडली आहे. तिचा मुख्य आग्रह असा आहे की वस्तूचे नाव सर्वांत शेवटी शोधावे. आधी तिने कोणते काम केले, कोणाच्या हातात केले आणि कशाला घासून केले, हे तिच्या अंगावरून वाचून काढावे. नाव आधी ठरवले की नजर त्या नावाला जुळणाऱ्याच खुणा पाहू लागते आणि न जुळणाऱ्या खुणा नजरेआड होतात.

धुण्यापुसण्याआधी

वस्तू हाती येताच ती चिंचेने घासणे किंवा गंज उडवण्यासाठी रेजमाल फिरवणे, हे ओळखीच्या कामातले सर्वांत मोठे नुकसान होय. सांध्यात अडकलेला ज्वारीचा दाणा, खोबणीत राहिलेले रुईचे तंतू, काळे घट्ट वंगण, चुन्याची पुटे किंवा एकाच बाजूला बसलेली काजळी हा सगळा पुरावा असतो आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त सैल माती मऊ कुंच्याने झटकावी आणि बाकी सगळे तसेच राहू द्यावे.

त्याच वेळी ती वस्तू नेमकी कुठे सापडली हे लिहून घ्यावे. ‘घरात सापडली’ एवढ्याने काम भागत नाही. कोठ्यात की स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूच्या खुंटीला की विहिरीच्या थारोळ्याजवळ, आणि तिच्या शेजारी आणखी काय पडले होते, हेही नोंदवावे. तीन-चार काटे असलेला एखादा आकडा विहिरीजवळ दोरासकट मिळाला, तर तो आत पडलेली बादली काढायचा गळ असण्याची शक्यता मोठी आहे. पण एखादा आकडा जुन्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारात एकाच अणकुचीदार टोकाचा आणि आडव्या लाकडी मुठीचा मिळाला, तर तो कापसाची गाठ ओढण्याचा हूक असू शकतो. ठिकाणाची नोंद हरवली की अर्धी ओळख हरवते.

काही वस्तूंना मात्र हात न लावणेच योग्य. दोन्ही बाजूंनी बंद असलेला जड लोखंडी नळा, टोकाला निमुळते झालेले धातूचे नळकांडे किंवा पितळी टोपी बसवलेला लोखंडी लंबगोल दिसला, तर तो न फुटलेला तोफगोळा असू शकतो. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांत आयुध निर्माणी आहेत. असा तुकडा भंगार म्हणून गावापर्यंत पोचू शकतो आणि तो कापताना स्फोट झाला तर जीव जातो. अशी वस्तू हलवू नये, तिच्यावर ठोकू नये, मुलांना दूर करावे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. माळ्यावर जुनी ठासणीची बंदूक सापडली, तर तीही भरलेली आहे असेच समजून पोलीस ठाण्यात कळवावे. कपाशीवर फवारणीसाठी वापरलेले जुने पितळी पंप, भुकटी उडवायची यंत्रे आणि औषधांचे डबे हाताळताना रबरी मोजे घालावेत, कारण त्यांत दशकानुदशके जुन्या कीटकनाशकांचा अंश उरलेला असू शकतो.

मोजणे आणि वजन करणे

फोटो काढताना वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि सर्व बाजूंनी, विशेषतः खालून आणि आतून, तिरप्या उन्हात फोटो घ्यावेत. सकाळच्या आडव्या उजेडात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि इंचांत अशी दोन्ही मापांत लिहावी, कारण कारखान्यात तयार झालेल्या जुन्या वस्तूचे माप इंचांत नेमके बसते आणि लोहाराने घडवलेल्या वस्तूचे बसेलच असे नाही.

वजनाचे महत्त्व त्याहूनही मोठे आहे. आपल्याकडे मेट्रिक वजने १९५६ च्या कायद्याने स्वीकारली गेली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्याआधीचा व्यवहार तोळा, शेर आणि मण यांत चाले. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. आता एखादा खूण नसलेला लोखंडी गोळा किंवा कडी बसवलेला चौकोनी ठोकळा तराजूवर ठेवला आणि तो २३३ ग्रॅमच्या जवळपास भरला, तर तो पावशेराचे वजन आहे हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नाही. ४६६ ग्रॅम भरला तर अच्छेर, ४.६ ते ४.७ किलो भरला तर पाच शेरांची पासरी. गंजाने थोडे वजन घटते, म्हणून आकडा किंचित कमी आला तरी चालेल. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असल्यामुळे दुकानदार व सोनार तो वजन म्हणूनही वापरत.

धान्य मात्र बहुतेक मापाने दिले-घेतले जाई. म्हणून दंडगोल भांडे सापडले, तर त्यात सपाट काठापर्यंत तांदूळ भरून ते मोजावे. शेर, मापटे आणि चिपटे यांचे प्रमाण दर पायरीला निम्मे असते आणि चार शेरांची पायली होते, त्यामुळे घरात दोन-तीन भांडी असली तर त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाणच ती मापे आहेत हे सिद्ध करते. एका शेराचे माप तालुक्यागणिक थोडे वेगळे असे, आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, धानासाठी कुडो व खंडी ही मापे चालत, तेव्हा आकड्यांची जुळणी करताना गावाचे नाव विसरू नये.

कशाचे बनले आहे

चुंबक चिकटला तर लोखंड वा पोलाद, चिकटला नाही तर पितळ, तांबे, कासे, जस्त किंवा शिसे. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तो टिचकी मारताच लांबवर वाजत राहतो, तर पितळेचा आवाज लवकर विरतो. शिसे आकाराच्या मानाने फार जड असते आणि कागदावर ओढले तर करडी रेघ उमटते. शिशाची वस्तू हाताळल्यावर हात धुवावेत.

लोखंडाच्या बाबतीत ओतीव आणि घडीव असा भेद करणे आवश्यक आहे. ओतीव लोखंड जाड असते, त्याच्या कडेला साच्याची बारीक शिवण दिसते आणि तुटलेली जागा दाणेदार असते. घडीव लोखंडावर घणाच्या बसक्या खुणा असतात आणि जुना गंज लाकडाच्या रेषांसारखा लांबट पदरांत सुटतो. ओतीव तुकडा बहुधा कारखान्यातून आलेल्या यंत्राचा भाग असतो, म्हणजे चरकाचा, पंपाचा, चारा कापण्याच्या यंत्राचा किंवा जिनिंगमधल्या एखाद्या दातेरी चाकाचा. घडीव तुकडा गावातल्या लोहाराचा असण्याची शक्यता जास्त.

लाकडाची जातही बोलते. सारखा धक्का सोसायच्या जागी बाभूळ आणि धावडा, औतांच्या दांड्यांसाठी तिवस, तर सुबक, हलक्या, न वाकणाऱ्या कामासाठी साग, अशी निवड सुतार करीत असे. म्हणून वजनदार बाभळीचा तुकडा शोभेच्या वस्तूचा भाग असण्याची शक्यता कमी असते.

काळ ठरवणाऱ्या खुणा

अक्षरे सापडली तर नशीबच. ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) असा शिक्का असलेली वस्तू १९५० च्या आधीची, कारण त्या वर्षी त्या प्रांताचे नाव बदलले. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) ही रेल्वेची अक्षरे असलेला कंदील, हातोडी किंवा पाना १९५१ पर्यंतचा, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. मुंबईहून निघालेली हीच रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती आणि वऱ्हाडचा कापूस तिच्यावरूनच बाहेर जाई, त्यामुळे तिची अवजारे आसपासच्या गावांत मिळणे स्वाभाविक आहे. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेले असेल तर १९४९ ते १९९० या दरम्यानची. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण ब्रिटिश सरकारच्या मालकीची असे.

अक्षरे नसतील तर जोड पाहावेत. रिपीट मारलेले जोड आणि चौकोनी नट बहुधा जुने, फुली खाचेचे स्क्रू त्या मानाने अलीकडचे, आणि वेल्डिंगचा खडबडीत वळ दिसला तर ते काम बहुधा परिसरात वीज आल्यानंतरचे. मात्र वेल्डिंग दुरुस्तीचेही असू शकते, म्हणून त्यावरून संपूर्ण वस्तूचा काळ ठरवू नये.

झीज : खरा साक्षीदार

आतापर्यंतच्या पायऱ्या वस्तू कशी बनली हे सांगतात. ती कशी वापरली गेली हे फक्त झीज सांगते, आणि माझ्या मते या कामात सर्वाधिक वेळ इथेच द्यावा.

झिजेचे चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. हाताची झीज गुळगुळीत, तेलकट आणि किंचित काळपट असते आणि ती धरण्याची जागा दाखवते. वस्तू त्या जागी धरून पाहिली की बोटे आपोआप ठरावीक ठिकाणी जाऊन बसतात, आणि मग दुसरे टोक कोणत्या दिशेला वळते हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते. दोराची झीज म्हणजे अरुंद, गोलसर तळाची खाच. ती ज्या कोनात तिरपी असेल त्या दिशेने ओढ होती, असे समजावे. मातीची झीज लोखंडाला पातळ करते आणि कोपरे गोल करते. वखराची आणि डवऱ्याची पास, म्हणजे मातीत चालणारे आडवे लोखंडी पाते, त्यामुळेच ओळखू येते, आणि दोहोंतला फरक लांबीने कळतो, कारण डवऱ्याला दोन तासांमधल्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या, अरुंद जागेतून जायचे असल्याने त्याची पास बरीच आखूड असते. चौथा प्रकार माराचा. ज्या टोकाचे लोखंड पसरून त्याच्या कडा बाहेर वळल्या आहेत, त्यावर हातोडा पडत होता. म्हणजे ती छिन्नी, पहार, पाचर किंवा ठसा आहे आणि तिचे काम दुसऱ्या टोकाला चालत होते.

झीज कुठे नाही, हेही तितक्याच बारकाईने पाहावे. मध्यभागी भोक असलेले मातीचे गोल मणी नदीकाठच्या आणि तलावाकाठच्या गावांत अनेकदा सापडतात. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांच्या काठी असे मणी मिळाले तर ते मासे धरण्याच्या जाळ्याला लावायचे वजन आहेत, की सूत कातायच्या चातीचे, की गळ्यातले, असा प्रश्न पडतो. जाळ्याच्या मण्यांची भोके दोरीने काठाशी घासलेली असतात, ते एकाच आकाराचे पुष्कळ मिळतात आणि त्यांच्यावर कलाकुसर नसते. चातीच्या भोकात काठी घट्ट बसलेली असल्यामुळे दोरीची खाच दिसत नाही, आणि तो मणी सहसा एकटाच मिळतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्या गावांत लोखंड कधी टाकून दिले जात नसे. घासून गेलेल्या कानशीचा चाकू होई, बंडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा लोहाराकडे जाऊन दुसऱ्या औतात उतरे, आणि मोटारगाड्या आल्यावर त्यांच्या कमानपट्ट्यांचे विळे-कोयते बनू लागले. म्हणून पात्यावर बारीक तिरप्या रेघा दिसल्या तर त्या नक्षीच्या नसून कानशीच्या दातांच्या असू शकतात. एकाच वस्तूला दोन आयुष्ये असतात, आणि झिजेचे दोन थर एकमेकांवर चढलेले दिसले तर दोन्हींची वेगळी नोंद करावी.

हरवलेला जोडीदार

गूढ वाटणाऱ्या बऱ्याच वस्तू या पूर्ण वस्तू नसतात, तर मोठ्या अवजाराचा सुटलेला भाग असतात. म्हणून ‘हे काय आहे’ याच्या आधी ‘हे कशाला जोडले जात होते’ हा प्रश्न विचारावा. खोबण, चूल (खोबणीत बसणारे टोक), आरपार भोक, खुंटी, न रंगलेली किंवा कमी मळलेली जागा, या सगळ्या जोडाच्या खुणा होत.

लाकडी वाटीला तळाशी तीन भोके असतील तर ते तिफणीचे चाडे. त्यात मूठ धरून बी सोडले जाई आणि ते तीन पोकळ नळ्यांतून तीन फणांमागे पडे. वाटीच्या वरच्या काठाची झीज तपासली तर मूठ कोणत्या बाजूने टेकत होती तेही दिसते. भोकांच्या संख्येवरून फणांची संख्या कळते. एकच नळा आणि वर लहान तोंड असेल तर तो सरता, म्हणजे तिफणीच्या मागे बांधून तुरीसारख्या मिश्र पिकाची ओळ पेरण्याचे साधन.

दुसरे उदाहरण कापसाच्या मुलखातले. एका टोकाला मळसूत्रासारखे नागमोडी दात कोरलेली हातभर लांब लाकडी दांडी मिळाली, तर लोक तिला पलंगाचा पाय किंवा देवघराचा खांब समजतात. प्रत्यक्षात ती सरकी काढायच्या रेच्याची लाट, म्हणजे फिरणारा रूळ, असू शकते. हातरेच्यात दोन लाटा एकमेकींना चिकटून उलट दिशांनी फिरत. एकीचे कोरलेले दात दुसरीच्या दातांत अडकत, त्यामुळे एकच मूठ फिरवली तरी दोन्ही फिरत. रुई दोहोंमधून पलीकडे जाई आणि सरकी अलीकडेच अडकून पडे. ही ओळख पक्की करायची तर दातांच्या उतारावर एकाच बाजूला झीज आहे का, आणि दांडीच्या मधल्या भागावर कापसाच्या घासणीने आलेली रेशमी चमक आहे का, हे पाहावे. पलंगाच्या पायावर अशी चमक येण्याचे कारण नसते.

ओळीने लहान-लहान होत जाणारी भोके असलेली पोलादी पट्टी हे सोनाराचे जंतर. त्यातून तार ओढून ती बारीक करतात, म्हणून प्रत्येक भोक एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद असते, आणि पट्टीवर कानस चालत नाही इतके पोलाद कठीण असते. तळहाताएवढी, दोन्ही टोके वळलेली, एका कडेला खूप ठोकर खाल्लेली पोलादाची छोटी पट्टी बहुधा चकमक असते. तिच्याबरोबर गारगोटी किंवा कापूस ठेवायची नळी मिळाली तर शंका उरत नाही. चांभाराची रापी, न्हाव्याची नराणी, कोष्ट्याचा धोटा आणि कुंभाराचे थापटणे ही मात्र अजून काही गावांत चालू वापरात आहेत, त्यामुळे त्यांची तुलना जिवंत अवजाराशीच करता येते आणि त्यासाठी पुस्तकी वर्णनाची गरज नाही.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना

वस्तूचा स्वतः अंदाज बांधून झाल्यावरच लोकांना विचारावे, आणि आपला अंदाज त्यांना सांगू नये. ‘आजी, हे चाडे आहे ना?’ असे विचारले तर मान राखण्यासाठीही होकार मिळतो. त्याऐवजी वस्तू त्यांच्या हातात द्यावी आणि गप्प बसावे. ज्याने ती वापरली असेल त्याचे हात ती नकळत योग्य जागी धरतात आणि कामाची हालचाल करून दाखवतात. ती हालचाल नावापेक्षा विश्वासार्ह असते, कारण नाव दर वीस-पंचवीस कोसांवर बदलते. वऱ्हाडात जो डवरा आहे त्याला पश्चिम महाराष्ट्रात कोळपे म्हणतात, आणि झाडीपट्टीतले शब्द याहून निराळे आहेत. सांगितलेले नाव जसेच्या तसे, उच्चारासकट, सांगणाऱ्याच्या गावासह लिहून घ्यावे.

एकाच वस्तूबद्दल दोघातिघांना एकत्र न विचारता वेगवेगळे विचारावे. बायांना आणि पुरुषांनाही वेगळे विचारावे, कारण स्वयंपाकघरातली, पेरणीतली आणि सूतकताईतली कितीतरी साधने बायांच्याच हातची होती आणि पुरुष त्यांच्याविषयी ऐकीव माहिती सांगतात. लोहार-सुतारांना ‘हे कशासाठी’ यापेक्षा ‘हे बनवायला काय लागे’ असे विचारले तर अधिक उत्तरे मिळतात. खंडेनवमीला घरोघरी हत्यारे व अवजारे पूजेसाठी बाहेर काढली जातात. त्या दिवशी गावात फिरणे फार उपयोगाचे, कारण एरवी माळ्यावर असलेल्या वस्तूही खाली आलेल्या असतात आणि लोक त्यांच्याविषयी आपणहून बोलतात.

तुलनेसाठी दोन ठिकाणे जवळ आहेत. १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात, आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय, ज्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी १९३८ मध्ये केले आणि जिथे ग्रामोद्योगांच्या साधनांवर भर आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घरगुती वस्तूंसाठी पाहण्यासारखे आहे. तिथे जाताना वस्तू नेण्याऐवजी मापांसह फोटो न्यावेत.

निष्कर्ष लिहिणे आणि वस्तू जपणे

नोंदीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : जे प्रत्यक्ष दिसते, जे लोकांनी सांगितले, आणि आपण काढलेला अर्थ. अर्थाशेजारी ‘खात्रीने’, ‘बहुधा’ किंवा ‘अंदाजाने’ असा शब्द लिहावा, आणि तो अर्थ कोणत्या खुणेमुळे खोटा ठरेल तेही लिहावे. अशी नोंद दहा वर्षांनी दुसऱ्याला दुरुस्त करता येते.

जपणुकीसाठी फार काही लागत नाही. लोखंड कोरड्या कुंच्याने साफ करून त्यावर यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. लाकडाला उधई लागली आहे का ते तपासून ते जमिनीपासून उंच ठेवावे आणि व्हार्निश लावू नये. जवसाचे तेल लाकडाला चांगले, पण त्यात भिजलेली चिंधी गोळा करून टाकल्यास आपोआप पेटू शकते, म्हणून ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी. पितळेवर घासण्याची भुकटी वापरली की शिक्के बुजतात.

शेवटची बाब कायद्याची. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी महापाषाणकालीन दगडी वर्तुळे आहेत आणि त्यांतून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे साज मिळाले आहेत. नायकुंडला तर लोखंड वितळवण्याची भट्टीही उत्खननात सापडली. वावर नांगरताना मोठ्या दगडांच्या वर्तुळाजवळ लोखंडाचा किंवा तांब्याचा तुकडा वर आला, तर आणखी उकरू नये, जागेचा फोटो घ्यावा आणि तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुन्या सुऱ्यांना हरणाच्या शिंगाच्या मुठी असतात. त्यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, तेव्हा अशी वस्तू सापडल्यास वनविभागाशी बोलावे.